ओढून बघणारी बाई

त्या संध्याकाळी मी मागच्या अंगणातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये पाइपाच्या तोंडाशी ब्लोअर घेऊन बसलो होतो. पाइपाच्या दुसऱ्या तोंडाशी, स्वयंपाकघरात, आमची विमल बसली होती. मध्ये बत्तीस पावलं अंगण, आणि त्याच्या पोटात आम्ही गाडलेला पाइप. त्यातून दोरी पलीकडे न्यायची होती, म्हणजे दुसऱ्या दिवशी इंटरनेटची वायर आली की दोरीला बांधून ओढून घेता आली असती. लोखंडी तार घालून बघितली तर ती वळणावर अडकायची. तेव्हा विमलने वातीच्या कापसाचा लिंबाएवढा गोळा केला, दोरीचं टोक त्याला बांधून माझ्या हातात दिलं आणि स्वतः तिकडे जाऊन ओरडली, "मारा फुंकर!"

मोटरीतली धूळ उडवायचा ब्लोअर तो. गोळा जो सुटला, तो थेट तिच्या मळलेल्या कणकेत.

"अहो, आलं! कणकेत आलं!"

मग तिने तिकडून दोरीला दोन हिसके दिले. मी इकडून एक दिला. "पक्कं आहे!" ती ओरडली. बस्स. दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्याच कणकेच्या पोळ्या खाल्ल्या. एकीत कापूस निघाला. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "कापूस आहे, विष नाही. खा."

माझं शिक्षण सातवी, तीही दोन वर्षांत. सरकारी कारखान्यात फिटर होतो, नाशिककडून झाशीला आलो तो इथलाच झालो. आता घरामागे पंख्यांच्या आणि पंपाच्या जळलेल्या मोटरी नवी तार गुंडाळून बांधतो. मला गोड लिहिता येत नाही. पण विमल काय चीज होती ते सांगितलंच पाहिजे, आणि माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

तिची खोड एकच. दिसेल ती वस्तू ओढून बघायची. दाराची कडी, कपडे वाळत घालायची दोरी, मुळ्याच्या जुडीतला मधला मुळा, देवळातली साखळी. "ओढून बघितलं का?" हा तिचा सवाल जन्मभर चालला. मी पंखा टांगला की ती स्टुलावर चढून त्याला लोंबकळायची. मी म्हणायचो, "अगं, पंखा माणसाला टांगायला नसतो." ती म्हणायची, "मला पेलला तर वाऱ्याला पेलेल."

एकदा बरुआसागरच्या बाजारातून भाजी आणि आलं घेऊन आम्ही बसने येत होतो. बसली नाही तोच तिने वरचा दांडा ओढून बघितला. दांडा हातात आला. दुसरी बाई असती तर गुपचूप बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघत बसली असती. ही उठली, कंडक्टरपाशी गेली आणि म्हणाली, "भैया, ये आपका है." तो बिचारा झाशीपर्यंत एका हाताने दांडा सांभाळत दुसऱ्या हाताने तिकिटं फाडत होता. लोक हसत होते. ही मात्र गंभीर. मला म्हणाली, "बरं झालं माझ्या हातात आला, कुणाच्या डोक्यात नाही."

मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा तर मी घामाघूम झालो होतो. मुलगा पुण्याचा, इंजिनियर. हिने पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि जाता जाता त्याच्या शर्टाचं बटण ओढून बघितलं. ते तुटलं. ही आत गेली, सुईदोरा आणला आणि त्याच्या अंगावरच बटण लावून दिलं. तो बसला अजिबात न हलता, हनुवटी वर करून. लोक गेल्यावर मला म्हणाली, "मुलगा पक्का आहे. बटण कच्चं होतं." सोयरीक झाली. जावई आजही आमच्याकडे येताना टी-शर्ट घालतो.

विमल झाशीजवळच्या गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली. तिचं मराठी जुनं, वर हिंदीची फोडणी. कपाटाला ती फडताळ म्हणायची, आणि भांडण आलं की थेट बुंदेलीत उतरायची. माझं मराठी तिला गावंढळ वाटायचं, मला तिचं नाटकातलं. पन्नास वर्षं या एका मुद्द्यावर आमचं छान भागलं.

आता इंटरनेटचं सांगतो.

मागच्या जेठात, ऐन उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता मला वर्कशॉपच्या पत्र्याखाली चक्कर आली. मोटर बांधता बांधता खाली पडलो आणि पडूनच राहिलो. चार वाजता ही चहा घेऊन आली. मला शुद्ध आली तेव्हा ही माझ्या पायाचा अंगठा ओढत होती. जिवंत आहे का, ते बघायची तिची तीच रीत. मी डोळे उघडले तर पहिलं वाक्य, "अहो, हाक का मारली नाही?"

"हाक मारता आली असती तर पडलो कशाला असतो?"

"मग फोन करायचा."

"पत्र्याखाली फोन लागत नाही, हे तुला माहीत नाही?"

माहीत होतं. पण त्या दिवसापासून तिने धोसरा लावला, वर्कशॉपमध्ये इंटरनेट पाहिजे. इंटरनेट असलं की पत्र्याखालीसुद्धा फोन लागतो, असं मुलीने तिला सांगितलं होतं. मला वाटलं, हिला जेवायला हाका मारायचा कंटाळा आलाय. मशीन चालवून चालवून माझे कान गेलेत. पहिली हाक मला कधी ऐकूच येत नाही. ती म्हणायची, "देव एका घंटीत ऐकतो. तुम्हाला चार हाका लागतात."

मी म्हणालो, लावायचंच तर वायरलेस लावू. दुकानात गेलो. दुकानदाराने शिंगांचा डबा दाखवला. हिने तो उलटा केला, सुलटा केला, शिंगं ओढून बघितली आणि विचारलं, "इसका तार किधर से निकलता है?"

"माताजी, तार नहीं होता. हवा से चलता है."

हिने थोडा विचार केला. "और लू चली तो?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "ज्याला ओढून बघता येत नाही, ते तुटलं कधी हे कळणार कसं?" मी म्हणालो, "वायर माकडं ठेवणार नाहीत." खोटं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या माकडांनी टीव्हीची वायर दोनदा उतरवली होती, आणि एकदा वाळत घातलेली माझी पट्ट्यांची चड्डी समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेऊन पसरली होती. पण मनातून मला ठाऊक होतं की वायरलेससुद्धा पत्र्याला घाबरतं. चार भिंती आणि वर पत्रा, आत काय कप्पाळ पोचणार? हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आज करतो. तिचं बरोबर होतं.

"माकडं जमिनीखाली जात नाहीत," ती म्हणाली, आणि वाद संपला.

झाशीची जमीन खणून बघा एकदा. वीतभर माती, खाली खडक. आठ दिवस मी सब्बल, म्हणजे आपली पहार, मारत होतो आणि ही मागून येऊन पाइपाचे जोड ओढून बघत होती. एका जोडाला मी सोल्यूशन कमी लावलं होतं. बरोबर तोच तिच्या हातात आला. नुसता माझ्यापुढे धरला, कंडक्टरपुढे दांडा धरला होता तसा.

मग ती कापसाची संध्याकाळ. वायर दुसऱ्या दिवशी येणार होती.

सकाळी ती उठली नाही. मी पायाचा अंगठा ओढून बघितला.

पुढचं सगळं मुलीने आणि जावयाने केलं. तेराव्याला गुरुजींनी देव्हाऱ्यातली घंटी मागितली तर ती जागेवर नव्हती. फडताळ शोधलं, माळा शोधला. शेवटी ताटावर चमचा वाजवून वेळ मारून नेली. एका शेजारणीने हळूच मोलकरणीचं नाव घेतलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्या शेजारणीला गप्प केलं. पुढे देवाला नवी घंटी आणली.

मुलगी पुण्याला चल म्हणाली. मी नाही म्हणालो. मग तिने रोज एकच धरलं, "बाबा, वर्कशॉपमध्ये इंटरनेट घ्या, नाहीतर वर्कशॉप बंद करा." तीन महिने मी टाळलं. आलेली वायर तशीच वेटोळं करून खुंटीला टांगलेली होती. पाइपातून वायर घ्यायला दोन माणसं लागतात, एक सोडायला, एक ओढायला. माणूस काय, कुणीही मिळतो. पण स्वयंपाकघरातल्या टोकाशी दुसरं कुणी बसलेलं मला नको होतं. म्हणून शेवटी मी वायरलेसला हो म्हणालो. चालेल तितकं चालेल.

रामस्वरूप म्हणून इंटरनेटवाला आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केस मेंदीने लाल. घरात एक डबा बसवला, वर्कशॉपसाठी दुसरा काढला. मला म्हणाला, "दद्दा, चिंता नैयां. टीन में भी पकड़ लेगा." तो वर्कशॉपमध्ये जागा बघायला गेला. मी स्वयंपाकघरात चहा टाकला.

आणि माझ्या पायाशी घंटी वाजली.

माझे कान असे, तरी ऐकली. पुन्हा वाजली. आवाज पिठाच्या पिंपामागून येत होता. ते पिंप मी तीन महिन्यांत हलवलं नव्हतं, पीठ वरूनच काढत होतो. सरकवलं. मागे भिंतीतून आमचा पाइप बाहेर येतो. त्यातून निघालेली दोरी ताणून वर खिळ्याला नेलेली, आणि दोरीला देवाची घंटी. गाठ तिचीच, दुहेरी, घागरीच्या दोराला मारायची ती.

अंगणातून आवाज आला, "दद्दा, जा डोर काए की है? भीतर घंटी को बजा रओ?"

दोरी कसली, आत घंटी कोण वाजवतंय, म्हणून विचारत होता; दोरी त्यानेच सहज ओढली होती.

मी पिंपाला टेकून खालीच बसलो. हिशेब सोपा होता. वायर दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि हिला एक दिवस दम नव्हता. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात हिने देव्हाऱ्यातली घंटी काढून इथे बांधली. म्हणजे तिकडे चक्कर आली तर मी नुसती दोरी ओढायची. हाक नको, फोन नको. हिला जेवायचं बोलावणं करायचंच नव्हतं. मी बोलावलं तर तिला ऐकू यायला हवं होतं. सकाळी सांगणार असणार. सांगायचं राहिलं.

चहा उतू गेला. रामस्वरूप दारात आला. मी म्हणालो, "वायरलेस नहीं. वायर ही लगेगी."

तो खूश झाला. म्हणाला, दोरी तयारच आहे, आत्ता दहा मिनिटांत ओढून देतो. मी ओरडलोच, "डोरी को हाथ मत लगाना!" बिचारा मागे सरला. कारण वायर घ्यायची तर दोरी बाहेर निघणार, आणि दोरी निघाली की घंटी मुकी होणार. वायर तिला हवी होती, दोरी तिने बांधली होती. एक ठेवू तर दुसरी जाते. मी त्याला चहा पाजला, दुसरा डबा कसा जोडायचा ते विचारून घेतलं आणि पाठवून दिलं.

रात्री जेवताना स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षं फिटर होतो मी! पाइपातून वायर ओढताना तिच्यासोबत एक नवी दोरी बांधायची असते, पुढच्या कामासाठी. हे मी किती शिकाऊ पोरांना शिव्या देऊन शिकवलं असेल.

सकाळी आंघोळ करून पिंप बाजूला केलं. तिची गाठ कापली नाही, सोडली. बराच वेळ लागला. दोरीच्या टोकाला वायर आणि नवी दोरी दोन्ही बांधून वरून टेप गुंडाळली. मग स्वयंपाकघरात वेटोळं थोडं सोडायचं, अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये जायचं, हातभर ओढायचं, परत यायचं. समोरच्या टाकीवर माकडं बसून बघत होती. ऊन वर आलं तेव्हा जुनी दोरी सगळी माझ्या हातात आली आणि तिच्यामागे वायर आणि नवी दोरी. जुनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

नव्या दोरीला घंटी बांधली. तिची गाठ मला येत नाही. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. वायरीची दोन टोकं दोन्हीकडच्या डब्यांना जोडली. मग विमलचा फोन घंटीसमोर पिंपावर उभा केला, त्याच्यावर माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला, तो मीच उचलला, आणि वर्कशॉपमध्ये जाऊन स्टुलावर बसलो. पत्र्याखाली, माझ्या हातातल्या फोनवर, आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा, पिठाचं पिंप, घंटी.

दोरी ओढली. फोनमध्ये घंटी हलली. आवाज जरा मागून आला, पण आला.

पक्कं आहे.

मग आणखी एकदा ओढून बघितली.