कचऱ्याच्या गाडीपुढे, एकमताने

शिन-आन आळीत कचऱ्याची गाडी थांबते तिथे बसायला बाक नाही, ही बाब आळीच्या दृष्टीने गंभीर नव्हती. पेइचीच्या आमाच्या गुडघ्यांच्या दृष्टीने होती. तैवानमधल्या या ताइनान शहरात कचरा दाराबाहेर ठेवून मोकळं होता येत नाही. संध्याकाळी गाडी पियानोची धून वाजवत येते, आणि प्रत्येकाला आपली पिशवी घेऊन जातीने हजर राहावं लागतं. गाडी कधी वेळेवर येते, कधी तिच्या मर्जीने. तोवर पेइचीची आजी, म्हणजे आमा, थांब्याजवळच्या लोंगानच्या झाडाला टेकून उभी राहायची. ती सकाळी माशाची पेज विकायची, त्यामुळे आळीतली सगळ्यात जड आणि सगळ्यात वासाची पिशवी तिचीच असायची. परवा टेकता टेकता ती घसरली आणि माशांची आतडी पोटाशी धरून खाली बसली. पिशवी फुटली नाही. आमाच्या मते एवढं पुरेसं होतं.

पेइचीच्या मते नव्हतं. ती सोळा वर्षांची होती आणि नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली होती. अशा अवस्थेत माणसाला एक बाक मिळवणं म्हणजे काहीच वाटत नाही. ती थेट को लीचांगांकडे गेली. लीचांग म्हणजे आळीने निवडून दिलेला प्रमुख. को लीचांग स्वतःचं नाव छापलेलं नारिंगी जाकीट घालत. लग्नात घालत, मयतीत घालत, आणि त्यांच्या बायकोच्या सांगण्यानुसार झोपतानाही घालत.

"काका, एक बाक हवाय. आमासाठी."

"बाकाला माझा विरोध नाही," लीचांग म्हणाले. "पण मी कोण बाक देणारा? बाक लोकांनी द्यायचा. रहिवाशांच्या सभेत ठराव येऊ दे."

"मग बोलवा की सभा!"

"दर वर्षी बोलावतो. गेल्या खेपेला मी होतो, माझी बायको होती, आणि पंखा दुरुस्त करायला आलेला एक माणूस. त्यालाही चहा पाजून बसवून घेतला." लीचांगांनी जाकिटाची चेन वर ओढली. "लोकांना सार्वजनिक कामात रसच राहिलेला नाही, पोरी."

"पण कचरा टाकायला तर सगळे येतात," पेइची म्हणाली.

लीचांगांनी चष्मा काढला. "पुन्हा म्हण बघू."

अशा रीतीने आळीची पहिली पूर्ण उपस्थितीची सभा कचऱ्याच्या गाडीमागे भरली. लीचांगांनी भोंगा आणला आणि प्रास्ताविक सुरू केलं. प्रास्ताविक गाडीच्या थांब्यापेक्षा लांब निघालं. गाडी धून वाजवत पुढच्या वळणाला लागली आणि अख्खी आळी पिशव्या घेऊन तिच्यामागे पळत सुटली. या पळण्याची नोंद सभात्याग अशी झाली.

पुढच्या वेळी लीचांगांनी वरून परवानगीच आणली: सभा संपल्याशिवाय गाडीने हलू नये, आणि ठराव मताला येईपर्यंत कचरा स्वीकारू नये.

"लवकर उरका हो," ड्रायव्हर आ-हाय खिडकीतून ओरडला. "पुढच्या आळीतले लोक मला शिव्या घालतायत."

"बाकाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," लीचांग म्हणाले.

एकही हात वर गेला नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात उष्ट्याची बादली. तिसरा हात आणायचा कुठून? पेच गंभीर होता. लीचांगांनी झाडाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि मार्ग काढला. ज्याला ठराव मंजूर आहे त्याने पिशवी गाडीत टाकावी. ज्याचा विरोध आहे त्याने आपली पिशवी घरी न्यावी. लोकशाहीत विरोधाची पूर्ण मुभा असते.

बाकाचा ठराव एकमताने मंजूर झाला. पेइचीने चक्क टाळ्या वाजवल्या.

"एवढी माणसं माझ्या गुडघ्यांसाठी?" आमाचे डोळे भरून आले.

"कसले गुडघे, आमा?" शेजारची शिए मावशी नाक पुसत म्हणाली. "माझ्या पिशवीत कोळंबीची सालं होती."

त्याच आठवड्यात आणखी बरंच काही एकमताने मंजूर झालं. सगळी फाटकं नारिंगी रंगवावीत. लीचांगांचं प्रास्ताविक ऐकताना कुणी मोबाइल बघू नये. लीचांगांच्या मेव्हण्याचा कापडी ड्रॅगन आळीच्या प्रत्येक कार्यक्रमात नाचवावा. एकानेही कधी पिशवी घरी नेली नाही.

ही गोष्ट शहरभर पसरली. पूर्ण उपस्थिती आणि शून्य विरोध! शिन-आनला नागरी सहभागाची आदर्श आळी म्हणून गौरवण्यात आलं, आणि तो सहभाग पाहायला गावोगावचे निरीक्षक गळ्यात ओळखपत्रं अडकवून येऊ लागले. नेमका तेव्हाच बाक आला. शिसवी रंगाचा, रुंद, पाठीला छान उतार दिलेला. निरीक्षक त्यावर बसले. निरीक्षक नसत तेव्हा बाकाला लाल फीत बांधलेली असे.

आमा फीत सोडायला गेली, तर लीचांग धावत आले.

"आमा, आमा! अहो, हा निरीक्षकांसाठी आहे. ते तुमचा सहभाग बघायला येतात. तुम्हीच बसलात तर सहभागी कोण व्हायचं?"

"पण बाक मागितला कुणी?" पेइची उसळली.

"नागरिकांनी! म्हणून तर त्याला किंमत आहे. बसतो तो निरीक्षक, उभा राहतो तो नागरिक. हवं तर ठराव घेऊ."

ठराव घेतला. पिशव्या धडाधड गाडीत पडू लागल्या. पेइचीने आमाच्या हातातली पिशवी धरून ठेवली आणि स्पर्धेतल्या आवाजात म्हणाली, "आमचा विरोध आहे!"

सगळे थबकले. निरीक्षकांनी तिचे फोटो काढले. लीचांगांना तर आनंदच झाला. "विरोधसुद्धा आहे! बघा, किती निरोगी वातावरण आहे आमच्याकडे!"

"अगं, त्यात सकाळची आतडी आहेत," आमा कुजबुजली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, आमा."

"मग तत्त्व मागच्या गॅलरीत ठेव. घरात नको."

ऐन उन्हाळा. तत्त्वाला दुसऱ्याच दिवशी माश्या लागल्या. तरी पेइचीने पुढच्या सभेतही विरोध नोंदवला आणि नव्या दिवसाची पिशवीही परत आणली. मग त्याच्या पुढच्या दिवसाची. शिए मावशी तोंडावर पदरासारखा टॉवेल धरून दारात आली.

"पेइची, तुझं मत माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागलंय गं."

मग आमाच्या पेजेचं गिऱ्हाईक तुटलं. एक माणूस वाडगा तोंडापर्यंत नेऊन, हुंगून, तसाच ठेवून गेला. आमाने तो वाडगा धुतला, पुसला, आणि पुन्हा धुतला.

त्या संध्याकाळी सभेपुढे ठराव आला: पेइचीच्या घरातून दुर्गंधी येते, आदर्श आळीच्या लौकिकाला बाधा पोचते, सबब या घराला यापुढे सभेत बोलता येणार नाही.

"मी पिशव्या नाही टाकल्या तर?" पेइचीने विचारलं. तिच्या दोन्ही हातांत मिळून चार पिशव्या होत्या.

"तर दुर्गंधी सिद्ध होते," लीचांग समजुतीच्या स्वरात म्हणाले.

"आणि टाकल्या तर?"

"तर ठरावाला तुझी संमती. निवड पूर्णपणे तुझी आहे, पोरी. कसलीही जबरदस्ती नाही."

स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या पेइचीची सगळी वाक्यं संपली होती. आमा झाडाला टेकली होती आणि तिचा डावा पाय थरथरत होता.

"दे इकडे," आमा म्हणाली. "पहाटे ताजे मासे यायचेत. ठेवू कुठे?"

तिने एकेक पिशवी गाडीत टाकली. ठराव एकमताने मंजूर झाला. निरीक्षक इतके भारावले की बाकावरून उठून टाळ्या वाजवू लागले.

आणि आमा बाकावर बसली. आधी टेकली, मग मागे सरकली, मग पाठ टेकवून दोन्ही पाय सैल सोडले.

"आमा, उठा! ठराव मोडताय!" लीचांग ओरडले. "ताबडतोब मतदान! आमाला उठवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपापली पिशवी..."

पण पिशव्या कुणाकडेच उरल्या नव्हत्या. सगळी मतं गाडीत होती आणि आ-हायने झडप लावून टाकली होती. लोक रिकामे हात घेऊन नुसते उभे राहिले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आळीतल्या कुणालाही काहीही बोलता आलं असतं. हात मोकळे होते, तोंड मोकळं होतं, गाडीही निघाली होती. "बसू द्या की म्हातारीला," एवढं एक वाक्य पुरलं असतं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि उद्याचा कचरा करायला सगळे घरी गेले.

उद्याच्या सभेत पहिला विषय आमाचाच आहे.

आमच्याकडे असलं काही चालणार नाही, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. तुमचा कचरा तर रोज कुणीतरी दारातून उचलून नेतं. तुम्हाला मत द्यायला खालीसुद्धा उतरावं लागत नाही.