पंचफुलाबाईंची तिखट-नोंद

आमच्या बोरटोला गावात मिरची खाणाऱ्याला तिखट लागत नाही. ते त्याच्या नावापुढे नोंदलेल्या माणसाला लागतं. लग्न झालं की आठ दिवसांत नवरा-बायको ग्रामपंचायतीत येऊन एकमेकांची नावं लिहून देतात. त्यानंतर भाजीची चव, मीठ, लसणाचा वास ज्याचा त्याला. आग तेवढी समोरच्याला. हातांची आगही त्यातच आली. मी इथला ग्रामसेवक, त्यामुळे नोंदीची वही माझ्याकडे असते. माझी बायको हर्षला तालुक्याला राहते आणि मी फोन उचलला नाही की ठेचा खाते. सभेत माझे कान लाल झाले की सदस्य स्वतःच म्हणतात, "साहेब, आधी फोन करून घ्या."

मार्गशीर्षात दयाराम शेंडे वारले. गावातले शिंपी. त्यांची बायको पंचफुलाबाई सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या जागेवर, मजुरीला जायच्या. दिवसभर बाईंचे हात लाल मिरचीत, आणि आग इकडे दयारामांच्या बोटांना. मशीनशेजारी ते दह्याची वाटी ठेवत. एक काज झालं की बोटं बुडवायची, पुसायची, मग दुसरं काज. माझ्या दोन शर्टांना अजून दह्याचा वास येतो. बायकोला मात्र सत्तावीस वर्षं त्यांनी एकच सांगितलं, "काही नाई लागत मले."

दुपारी साडेबाराला जेवायला बसले की ते एक अख्खी हिरवी मिरची चावत. तिकडे सातऱ्यावर पंचफुलाबाईंची जीभ पोळली की त्या शेजारणीला सांगत, "जेवले."

नियम असा, की समोरचा माणूस गेला की आग खाणाऱ्याच्या तोंडात परत येते, आणि घास चावताक्षणी येते. मग नोंद रद्द होते. चैत्रात तालुक्याहून पत्र आलं: मयतांच्या नोंदी महिनाअखेर चाचणी घेऊन निकाली काढाव्यात, जे चाचणीला येणार नाहीत त्यांच्या रद्द समजाव्यात. पंचफुलाबाईंनी तर चार महिन्यांत मिरचीला हात लावला नव्हता. सातरा सोडला होता, सपक वरणभातावर दिवस काढत होत्या.

"चाचणी नोको, साहेब," त्या म्हणाल्या. "माहं तोंड भाजलं, तर ते खरंच गेले न."

"बाई, ते गेलेच आहेत. मृत्यूचा दाखला मीच दिला."

"तो कागद हाय. माह्या तोंडानं अजून नाई सांगतलं मले."

मी पत्र पुन्हा वाचल्यासारखं केलं.

शेवटच्या दिवशी त्या आल्याच, बारा पंचवीसला. न येऊन तरी काय करणार होत्या? शिपाई कवडूने टेबलावर बशी ठेवली: एक हिरवी मिरची, गुळाचा खडा. त्यांनी मिरची हातात घेतली, देठ खुडला. मग अर्धी तोडून चावली. मी डोळे मिटले. ग्रामसेवकाने चाचणीच्या वेळी मिटू नयेत, पण माझ्याने बघवेना.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"हिरवी लागते. जराशी कडू." त्यांनी पुन्हा चावून पाहिलं. "आग नाई, साहेब!"

मी लिहायला पेन उचलला, तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. "अगं माय! म्हंजे त्याईले लागली असन. तिथं दही भेटत असन का हो?"

"चौकशी करावी लागेल," मी म्हणालो.

घड्याळात साडेबारा झाले. पंचफुलाबाईंनी एकदम तोंडावर पदर धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल, श्वास सू-सू करत आत.

"परत आली!" कवडू ओरडला. "नोंद रद्द, साहेब!"

"हट!" त्या पदराआडून म्हणाल्या. "म्या अर्धी खाल्ली. हे अख्ख्या मिरचीचं हाय." मग बराच वेळ त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "जेवले," त्या म्हणाल्या. "चार महिने त्याईनंबी नाई खाल्ली, साहेब. माह्यासारखेच भेत होते."

कवडूने गूळ पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, म्हणाल्या, "राहू दे थोडा वेळ." मी वहीत लिहिलं: नोंद कायम. खाली तारीख टाकली आणि हर्षलाला फोन लावला.

दुसऱ्या दिवसापासून पंचफुलाबाई सातऱ्यावर जाऊ लागल्या. सोबत दह्याचा डबा असतो. दर थोड्या वेळाने त्या उठतात, हात धुतात आणि दोन्ही हातांना नीट दही चोळतात. वेळ जातो म्हणून मुकादम ओरडतो. त्यांचे हात काही भाजत नाहीत.