मंगळवारला हरकत

महाखंडसंघात गेले अकरा दिवस सोमवारच चालू होता, कारण मंगळवारला एका सदस्यदेशाने हरकत घेतली होती.

संघाच्या घटनेप्रमाणे कोणतीही नवी गोष्ट तेवीसही देशांच्या एकमताशिवाय सुरू करता येत नाही. मंगळवार दर आठवड्याला नवाच असतो, हे लोरेन्झिया या चिमुकल्या देशाच्या लक्षात आलं. आजवर ते कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिची पहिली बैठक गुरुवारी ठरली.

नव्या अध्यक्षा मार्टा लिंडोवा यांचा शपथविधी मंगळवारी होता. रोज त्या निळा कोट घालून सचिवालयात येत आणि पाहुण्यांच्या बाकावर बसत. मावळते अध्यक्ष ओस्विन रोज निरोपाचं भाषण करत. दिवस तोच असला तरी भाषण सुधारत चाललं होतं.

लिंडोवाबाईंना पदाची घाई नव्हती. त्यांच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन बुधवारी होतं, आणि फार थांबलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई रोज फोनवर विचारायची, "परवा ना गं?"

"हो आई, परवाच."

बाराव्या सोमवारी बाई लोरेन्झियाचे प्रतिनिधी ग्रून यांना भेटल्या.

"मंगळवारवर तुमचा एवढा राग का?"

"राग कसला, बाई? दिवस चांगलाच आहे. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही."

"मग मी विचारते. चालेल का तुम्हाला मंगळवार?"

ग्रून सावरून बसले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "सरकारला कळवतो," ते म्हणाले.

उत्तर आलं: मंगळवार मंजूर, प्रायोगिक तत्त्वावर, सकाळी दहा ते दुपारी एक.

दहा वाजता शपथ झाली. टेबलावर एकशे चाळीस विषय पडून होते: सैन्य, समुद्र, निर्वासित. बाईंनी पहिला विषय घेतला तो आईचं ऑपरेशन आजच करण्याचा. ठरलेला वार बदलणं ही नवी गोष्ट असल्याने मतदान घेणं भागच होतं.

सचिव कानाशी कुजबुजले, "बाई, घरचा विषय आहे. लोक बोलतील."

"बोलू देत. हात वर करायला सांगा."

त्यात कुठल्याच देशाचा संबंध नसल्याने तेवीसही हात वर झाले. संघाच्या इतिहासातला हा पहिला एकमताचा ठराव. सदस्य गहिवरले. अभिनंदनाच्या भाषणांत एक वाजला, सोमवार लागला, आणि ओस्विन निरोपाच्या भाषणाला उभे राहिले.

बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं.

"अध्यक्ष झालीस म्हणे?" पट्टीआडून आईने विचारलं.

"झाले होते. सकाळी."

"बरं. दमली असशील. बस जरा."

पट्टी बुधवारी काढायची, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. तोवर सचिवांचा निरोप आला होता: आपल्यालाही कधी कुणी विचारलं नाही, हे उरलेल्या बावीस देशांच्या लक्षात आलं आहे.

बाईंनी कोट काढून खुर्चीवर टाकला, सदस्यदेशांची यादी मागवली आणि पहिल्या नावाला फोन लावला.