उपरण्याखालचं ग्राफिक्स कार्ड

"हात छोडो चाचा! ओ मास्तर, सांगा यांना, हात सोडा म्हणावं माझा!"

धाराशिवच्या भर बाजारात, स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या दुकानात इरफानभाई बोंबलत होता. त्याचा उजवा हात नानांच्या उपरण्याखाली गडप झालेला आणि आत नाना त्याची बोटं एकेक करून दाबत होते. दारात ही गर्दी जमली. मी सगळ्यांत मोठ्या खोक्याआड दडलो, कारण नानांना तिथं घेऊन जाणारा मीच.

नाना नळदुर्गातले माझे शेजारी. उभी हयात हेडीपणात गेली. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा यांची गाठ घालून सौदा जुळवतो तो हेडी. भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबून ठरवायचा, हा तिथला रिवाज. नानांनी तो बाजाराबाहेरही सोडला नाही. मेथीच्या जुडीलाही उपरणं पसरतात. मुलाच्या लग्नाची बोलणीसुद्धा त्यांनी अशीच केली. व्याही तेव्हापासून डाव्या हातानं जेवतात.

तर असे नाना एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, गेमचा कंपूटर घ्यायचाय. लई महाग नगं, पर अडखळाय नगं."

शाळेचे निकाल कॉम्प्युटरवर मी करतो, एवढ्यावर गावानं मला शास्त्रज्ञ ठरवलं आहे. मी विचारलं, "कुणासाठी?"

"मला."

माझा चहा नाकावाटे बाहेर आला आणि अंगणात झोपलेल्या कुत्र्यावर पडला. कुत्रं तेव्हापासून आमच्याकडं येत नाही.

पुण्याला शिकणारी नात, सई, मैत्रिणींबरोबर बंदुकांचा कसलासा गेम खेळते. नानांना त्या टोळीत शिरायचं होतं. "ती म्हणली, नाना, तुमचं मशीन अडखळलं की आमी हरलो. अडखळणारं असंल तर खेळात घेणार न्हाय. आता बोला."

बोलण्याऐवजी मी नानांना घेऊन धाराशिवची एसटी धरली.

दुकानात नानांनी आधी मांडलेल्या सगळ्या डब्यांच्या पाठीवर थापा मारल्या. इरफानभाईनं कौतुकानं लाल-निळे दिवे लुकलुकणारा डबा पुढं केला. नानांनी तोंड फिरवलं. "शिंगं रंगवल्यावर बैल जास्त वढतो व्हय?" मग मेमरीची पट्टी हातात घेऊन तिच्या कडेचे सोनेरी दात उन्हात धरून बघितले आणि माझ्या कानात म्हणाले, "अजून दुधाचेच हायेत. घ्या."

खरा गोंधळ ग्राफिक्स कार्डापाशी झाला. पडद्यावरची चित्रं हेच ओढतं, असं इरफानभाईनं समजावलं. नाना म्हणाले, "दोन द्या."

"चाचा, एकच लगता है."

"एका बैलावर नांगर चालतो व्हय? जोडी द्या. एका रंगाची, एका उंचीची."

इरफानभाईनं पाणी मागवलं. मग बिचाऱ्यानं डोकं चालवलं. "चाचा, जोडी आहे ना! हा प्रोसेसर एक बैल, हे कार्ड दुसरा."

नानांनी प्रोसेसर आणि कार्ड शेजारी शेजारी ठेवून बघितले. "मग ह्यो एवढुसा, आन ह्यो म्हशीएवढा? एक पळणार, एक रवंथ करणार. जू तिरपं हुईल."

"बरोबर आहे," इरफानभाई म्हणाला आणि त्यानं त्या प्रोसेसरला झेपेल असं मधल्या ताकदीचं कार्ड काढलं. मी शास्त्रज्ञ असल्यामुळं मान डोलावली.

तरी नाना उठेनात. बैल घेताना गाडीची चाकं बांधून ती ओढवून दाखवतात, तसं पाहिजे म्हणाले. इरफानभाईनं तिथंच सगळे भाग जोडले आणि दुकानातला सगळ्यांत जड गेम लावला. आतले पंखे असे घोंगावले की समोरच्या रसवंतीवाल्यानं आपलं चाक थांबवून वर विमान शोधलं. नानांनी डब्याच्या कुशीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. गेम कुठंही अडखळला नाही.

"धापा टाकत न्हाय," ते म्हणाले आणि उपरणं पसरलं. पुढची बोंब तुम्ही ऐकलीच आहे. सौदा मात्र झाला. बोटं परत मिळाल्याच्या आनंदात इरफानभाईनं हेडफोन फुकट दिले.

आता रोज संध्याकाळी नाना टोपीवर हेडफोन चढवून बसतात. नानी गेल्यापासून त्या घरातून कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज येत नसे. सईचा फोन यायचा. "हो नाना, बरी आहे नाना, ठेवते नाना," एवढ्यात संपायचा. आता बंदुका वाजतात.

परवा मी मागं उभा राहून बघितलं आणि हबकलो. बाकीचे गडी भिंतीआड, झुडपाआड सरपटत होते. नाना भर माळावर, बाजारात उभं राहावं तसे उभे. गोळी लागली, आडवे झाले. या गेमात पडलेल्याजवळ आपला गडी येऊन बसला, की तो पुन्हा उठतो. हेडफोनमधून सईचा आवाज बाहेर सांडत होता. "नाना, हलू नका! आले मी, आले! किती वेळा सांगितलं तुम्हाला? जेवलात का?"

नाना उठले, दोन पावलं चालले आणि पुन्हा माळावर जाऊन उभे राहिले.

मला राहवेना. "अहो नाना, त्या झाडामागं लपा की! सारखं काय मरताय?"

नानांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"लपलो तर ती येत न्हाय."