आप्पांच्या खापऱ्या

शेजारचे विश्वनाथआप्पा किराणा विकत, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या डोक्यावरच्या पाटीत बघत. निजामाच्या राज्यातलं, जिंतूरकडचं आमचं गाव. गावाबाहेर पांढरीचं टेकाड, म्हणजे कधीकाळी उठून गेलेलं जुनं गाव. घराच्या माळवदावर, मातीच्या छतावर, टाकायला आम्ही बायका तिथलीच माती आणायचो आणि मातीबरोबर खापऱ्या यायच्या. आम्ही त्या फेकायचो. आप्पा उचलून धोतराला पुसायचे.

"माणसं जेवलेत ह्यात," ते म्हणायचे. समोर मिठासाठी ताटकळलेली माणसं उपाशी राहिली तरी त्यांना फिकीर नसे.

एकदा त्यांनी जाहीर केलं, खापरी आणील त्याला गुळाचा खडा. झालं, आठवडाभरात गावातली निम्मी गाडगी फुटली. आमच्या सासूबाईंनीही चीर गेलेलं गाडगं सत्कारणी लावलं. आप्पांनी तुकडा नाकाशी धरला. "वैनी, ह्याला परवाच्या ताकाचा वास यायलाय," म्हणाले, आणि गूळ दिला. मला हसू आवरेना.

पण त्यांना खरं हवं होतं ते एकच. फळीवर मातीचं एक बोंडलं होतं, तान्ह्या लेकराला दूध पाजायचं. टेकाडातलंच, तुकडे जोडून उभं केलेलं. फक्त तोटी नव्हती. ती शोधायला आप्पा दर उन्हाळ्यात चाळणी घेऊन टेकाडावर बसत. लोक म्हणत, बायको गेली तसं डोकंही गेलं. मीही म्हणायची, आता लाज वाटते.

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना माती चाळता चाळता बोटभर नळी माझ्या हाताला लागली. पोरीला कडेवर घेतलं आणि तशीच दुकानात गेले. आप्पांनी नळी बोंडल्याला लावून पाहिली. बरोबर बसली.

आप्पा म्हणाले, "आमची गौरा सहा म्हयन्याची गेली, सूनबाई. दूधच जाईना तिच्या पोटात." बोंडलं माझ्यापुढं धरलं. "ह्यातनं पिणारं लेकरू जगलं असंल का?"

मला काय ठाऊक? मी उगाच तोटीवरून बोट फिरवलं. टोक झिजून अगदी गुळगुळीत झालं होतं.

"हे एका लेकराचं काम न्हाई, आप्पा," मी म्हणाले. "चार-पाच लेकरं मोठी झालेत ह्याच्यावर."

आप्पांनीही बोट फिरवलं. मग माझ्या पोरीला मांडीवर घेतलं.

"ऐकलंस का," तिला म्हणाले, "सगळी जगली."