किरकोळ खात्याची पाच मैलांची धाव

बेंगळूरच्या किरकोळ व इतर बाबी खात्यात दफ्तरीची एक कायम जागा सहा वर्षं रिकामी होती आणि तिच्यासाठी नऊ हंगामी शिपाई उमेदवार होते. नऊही जण सारखेच पात्र होते, म्हणजे नवांपैकी कोणाच्याही ओळखीचं वर कोणी नव्हतं. त्यामुळे निवडीला काही आधारच सापडेना. फाइल सहा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर हिंडली आणि जाडजूड होऊन परत आली.

एकसष्ट साली वरून आदेश आला, की प्रत्येक खात्याने आपल्या सेवकांच्या शारीरिक उन्नतीसाठी काय केलं ते महिन्याच्या आत कळवावं. अधीक्षक हयवदनराव यांनी हा आदेश आणि ती जाड फाइल शेजारी शेजारी ठेवली आणि एका शेऱ्यात दोन्ही निकालात काढली: ‘पाच मैलांची धाव घ्यावी. सर्व सेवकांनी धावावे. हंगामींपैकी जो पहिला येईल त्यास कायम करावे.’

ही बातमी संताजी लाडने घरी सांगितली तेव्हा कौशल्या तांदूळ निवडत होती.

“दफ्तरीला पळावं लागतं होय?” तिने विचारलं.

“दफ्तरीला बसावं लागतं. पण बसायला मिळावं म्हणून पळायचं.”

“सरी, बरं तर,” कौशल्या म्हणाली. “मग पळ. दुसरं काय येतंय तुला?”

यात टोमणा नव्हता. संताजीचे पाय खात्यात प्रसिद्ध होते. मुख्य कचेरीतून शाखा कचेरीत फाइल न्यायला सायकल मंजूर नव्हती, म्हणून अकरा वर्षं तो पायीच जात होता, आणि घाईच्या फाइलवर ‘तातडीचे’ असा शेरा असला की पळत. दर एकोणनव्वद दिवसांनी त्याला एक दिवस घरी बसवत आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमत, कारण सलग नव्वद दिवस नोकरी झाली तर माणसाला ती आपली वाटू लागते. त्यामुळे अकरा वर्षांनंतरही संताजी कागदोपत्री कधी तीन महिन्यांहून जुना झाला नव्हता. पुढचे पंधरा दिवस कौशल्याने रोज संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांना एरंडेल चोळलं. नवरा कायम होणार म्हणून तिने शेजारच्या तीन घरांत काही सांगितलं नाही. चौथ्या घरात सांगितलं, तेवढ्याने काम भागलं.

धावेची व्यवस्था रघुपती नावाच्या कारकुनाकडे आली, कारण काम वाटलं त्या दिवशी तो रजेवर होता.

रघुपती निष्ठावान होता. त्याने मार्ग ठरवला: कचेरीच्या फाटकातून निघायचं, टाउन हॉलवरून जे.सी. रोडने लालबागच्या दरवाजापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. जाऊन येऊन पाच मैल. परिपत्रकाच्या प्रती निम्म्या टंकून झाल्या होत्या, इतक्यात यापुढे मैल लिहू नये, किलोमीटर लिहावं, असं नवीन मापांविषयीचं पत्रक येऊन थडकलं. टंकलेखकाने उरलेल्या प्रतींत ‘मैल’ खोडून ‘किलोमीटर’ केलं. पाचाचं काय करायचं याबद्दल पत्रकात काहीच नव्हतं, म्हणून पाच तसेच राहिले. अशा रीतीने धाव एकच राहिली, पण तिच्या लांब्या दोन झाल्या. मग दोन्ही ठिकाणी, लालबागच्या दरवाजाशी आणि जे.सी. रोडच्या मध्यावर, खुर्ची आणि शिक्का घेऊन एकेक पर्यवेक्षक बसवण्यात आला. रघुपतीच्या मते यामुळे कोणावरच अन्याय होत नव्हता.

नंतर प्रश्न आला तो इशाऱ्याचा. पिस्तुलाची परवानगी मागितली, तर गोळी कोणावर झाडणार ते पोलिसांनी लेखी विचारलं. शिट्टी भांडारात होती आणि भांडारपाल बदलीवर गेला होता. शेवटी ‘घंटा वाजताच धावावे’ असं ठरलं. खात्याची पितळी घंटा फाटकाशीच टांगलेली होती. शेवटच्या रेषेवर ताणायला तांबडी फीतही मंजूर झाली, पण एकच. आणि उद्‌घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी फीत कापायची, तीही तीच.

धावेचा दिवस रविवार होता. रविवारी माणसं जमणार नाहीत म्हणून तो कामाचा दिवस जाहीर करून हजेरी सक्तीची केली होती. साडेसहाला धाव सुटायची होती. सहालाच बावन्न सेवक धोतरं, पाटलोणी, चड्ड्या खोचून फाटकाशी उभे राहिले. प्रत्येकाकडे शिक्क्यासाठी एकेक कार्ड होतं आणि छातीवर कागदी आकडे होते. ते शाईने लिहिलेले होते आणि सेवाज्येष्ठतेने वाटलेले, त्यामुळे सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एक नंबर होता.

संताजीच्या शेजारी परसू होता. परसू हंगामींत सर्वांत जुना, एकोणीस वर्षं नोकरी झालेला. त्याचा उजवा पाय सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

“अण्णा, तू कशाला आलास?” संताजी म्हणाला.

“हजेरी आहे की रे. आलो नाही तर खंड पडतो. मी आपला इथंच उभा राहतो. तू पळ.”

प्रमुख पाहुणे साडेआठला आले. पावणेनऊला त्यांनी भाषणाला सुरुवात केली. विषय होता वक्तशीरपणा. हयवदनराव पहिल्या खुर्चीवर मान हलवत होते, रघुपती फीत हातात धरून उभा होता, आणि पावणेतीन तास उन्हात एका जागी उभ्या असलेल्या बावन्न माणसांच्या पायांत मुंग्या येत होत्या.

आणि नऊ वाजले. रविवार कामाचा दिवस जाहीर झालेला असल्यामुळे घंटेच्या शिपायाने कामाच्या दिवसाप्रमाणे नऊचे टोल दिले. पहिल्या टोलालाच एक्कावन्न सेवक परिपत्रकानुसार धावत सुटले.

पाहुणे त्या वेळी ‘शिस्त ही राष्ट्राची’ इथपर्यंत आले होते. समोरचा श्रोतृवृंद धूळ उडवत दिसेनासा झाला, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. समोर अजून परसू होता.

संताजी टाउन हॉलपर्यंतच सगळ्यांच्या पुढे निघून गेला. दुतर्फा लोक थांबले होते. कॉफी हॉटेलातली गिऱ्हाइकं लोटे हातात घेऊन बाहेर आली. एका शिंप्याने यंत्र थांबवून टाळ्या वाजवल्या. एक निवृत्त हेडमास्तर गच्चीवरून ओरडले, “भले! शाबास!” अकरा वर्षं संताजी याच रस्त्याने धावत आला होता आणि आजवर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नव्हतं. हातात फाइल नसताना धावलं की माणूस दिसतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. छाती भरून आली, तशी त्याने गती आणखी वाढवली.

जे.सी. रोडच्या मध्यावर पर्यवेक्षकाने त्याचं कार्ड शिक्का मारून परत दिलं. “झालं. वळ मागं.”

“पण माझ्या प्रतीत लालबाग आहे, साहेब.”

“माझ्या प्रतीत मी आहे.”

संताजी क्षणभर घुटमळला. मागून येणारे कायम कारकून शिक्का घेऊन खुशाल वळत होते. दोघे तर समोरच्या बसमध्ये चढले. पण हंगामी माणसाने दोनपैकी एक हुकूम मोडला तर नेमका तोच अंगाशी येतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. तो लालबागकडे धावला आणि त्याच्यामागोमाग उरलेले सात हंगामीही. कायम सेवकांनी किलोमीटर स्वीकारला. हंगामी मैलाला धरून राहिले.

लालबागच्या दरवाजाशी भीमाचार्य नावाचे दुसरे पर्यवेक्षक बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं.

“धावकांना स्वीकारण्याची वेळ सात ते साडेसात. आता नऊ वीस.”

“सुटलोच नऊला, आचार्य.”

“ते सुटण्याच्या टेबलाचं काम. माझं टेबल पोचण्याचं.” तरीही भीमाचार्य दयाळू होते. त्यांनी आवक खात्याचा शिक्का काढला आणि कार्डावर मारला: ‘विलंबाने प्राप्त’.

संताजीच्या घशाला कोरड पडली होती. पाण्याचा माठ पाहुण्यांसाठी कचेरीतच ठेवलेला होता. दरवाजाशी फुलं विकणाऱ्या यल्लव्वाने त्याची दशा पाहिली आणि फुलांवर शिंपडायचा तांब्या उचलून त्याच्या पुढे केला. “स्वल्प थांब की रे अण्णा. नीर पी. जीव जाईल असं काय पळतोस?”

“कायम व्हायचंय, अव्वा,” संताजी म्हणाला, गटागटा प्याला आणि वळला.

नऊ बेचाळीसला तो कचेरीच्या फाटकातून आत आला. हंगामींतला दुसरा माणूस अजून टाउन हॉललाही पोचला नव्हता. संताजीने दोन्ही हात वर करून रेषा ओलांडली.

“श्शू!” रघुपती दबक्या आवाजात म्हणाला. “भाषण चालू आहे.”

“पहिला आलो, साहेब.”

“कशात? धाव अजून सुरू व्हायची आहे.”

वेळ नोंदणाऱ्याने हातातलं घड्याळ दाखवलं. काटा शून्यावर होता. संताजीने रेषेच्या आत भुईवर बसकण मारली. बसने आलेले दोघे माठाजवळ सावलीत बसले होते. बाकीचे एकेक करून येऊन धापा टाकत भुईवर आडवे होत होते. दहाला पाच कमी असताना भाषण संपलं. टाळ्या हयवदनरावांनी वाजवल्या. पाहुण्यांनी फीत कापली आणि घंटा झाली.

कोणी हललं नाही.

“धावा!” हयवदनराव ओरडले. आडव्या पडलेल्यांपैकी एकाने हात वर करून तो परत खाली ठेवला.

पाहुण्यांना दहा वाजता दुसरं उद्‌घाटन होतं. “विजेता कोण?” त्यांनी विचारलं. “छायाचित्र घेऊन टाकू.”

सुटण्याची रेषा आणि पोचण्याची रेषा एकच होती. घंटा झाली त्या क्षणी त्या रेषेवर दोन पायांवर उभा असलेला एकच माणूस खात्याला दिसला. वेळ नोंदणाऱ्याने घड्याळ चालू केलं, रेषेवर माणूस पाहून बंद केलं आणि वहीत लिहिलं: ‘प्रथम, परसू. शून्य मिनिटे, शून्य सेकंद.’

“मी पळालो नाही, साहेब!” परसू रडकुंडीला आला. “माझा पाय बघा. संताजी पहिला आलाय.”

“विनय नंतर दाखव,” हयवदनराव म्हणाले आणि त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. छायाचित्रकाराने दिवा उडवला.

सोमवारी परसू कायम झाला. मंगळवारी बाकीच्या एक्कावन्न जणांना मेमो मिळाला: प्रमुख पाहुण्यांचे भाषण चालू असता परवानगीविना कचेरी सोडल्याबद्दल खुलासा करावा, मात्र जे ‘मी धावलो नाही’ असे लिहून देतील, त्यांनी कचेरी सोडली नाही असे समजण्यात येईल. कायम सेवकांनी जेवणाच्या सुट्टीपूर्वीच लिहून दिलं. हंगामींपैकी सात जणांनी सुट्टीनंतर दिलं.

संताजीने मात्र लिहिलं, ‘मी धावलो आणि पहिला आलो.’

हयवदनराव दुष्ट नव्हते. त्यांनी त्याला बोलावून समजावलं. “अरे, सिद्ध कसं करणार? परसू लाभार्थी, त्याची साक्ष चालत नाही. बाकीचे पन्नास धावलेच नाहीत, तसं त्यांनी लिहून दिलंय. कार्डावर तर ‘विलंबाने प्राप्त’ आहे. बाहेरचे दोन साक्षीदार आण. आठ दिवस देतो. नाही तर एकोणनव्वद दिवसांनंतरचा हा खंड कायमचा समज.”

संताजी छापील फॉर्म घेऊन त्याच रस्त्याने निघाला, या खेपेला चालत. कॉफी हॉटेलच्या मालकाने त्याला लगेच ओळखलं, फुकट कॉफी पाजली, त्या दिवशीची त्याची धाव चार गिऱ्हाइकांना वर्णन करून सांगितली, आणि फॉर्म पाहिल्यावर म्हणाला, “सही? छे छे. सरकारी कागदावर आमचं नाव कशाला?” शिंप्याकडे खात्याच्या गणवेशांचं काम होतं. हेडमास्तरांनी अन्यायावर अर्धा तास उत्तम बोलून शेवटी सांगितलं, “माझ्या एकट्याच्या सहीने काय होणार? इतके लोक होते. कोणीतरी देईलच.” यल्लव्वा तेवढी तयार झाली. तिने अंगठा उमटवला. कचेरीने तो परत पाठवला: साक्षीदारास वाचता येत नसल्यामुळे तिने धाव समजून घेऊन पाहिली असे म्हणता येत नाही.

आठव्या दिवशी कौशल्याने घरभाड्याचा विषय काढला नाही. ती एवढंच म्हणाली, “लिहून दे. मला माहीत आहे की तू पळालास. पोटऱ्या माझ्याच हाताखाली होत्या.”

संताजीने ‘मी धावलो नाही’ असं लिहिलं. सही करताना त्याच्या मांड्या अजून दुखत होत्या. दुसऱ्या दिवशी एकोणनव्वद दिवस भरत होते. मग एक दिवस घरी बसवून त्याला नव्याने नेमण्यात आलं. शंभर टक्के सेवकांनी भाग घेतला आणि कोणीही कचेरी सोडली नाही, असा अहवाल वर गेला. वर तो आवडला.

चौकशी मात्र बंद झालेली नाही. नियमाप्रमाणे ती उघडी ठेवावी लागते. त्या रविवारी काय घडलं हे ज्याला माहीत असेल, अशा कोणाही साक्षर नागरिकाची साक्ष कामाच्या दिवशी अकरा ते चार या वेळात घेतली जाते. आता तर तुम्हालाही सगळं माहीत आहे, अगदी मिनिटांसकट. साक्षीदारांना बसण्यासाठी बाक ठेवण्याचा प्रस्ताव मध्यंतरी आला होता. तशी गरज पडणार नाही, असा शेरा मारून तो परत गेला. अशा बाबतीत खात्याचा अंदाज आजवर कधी चुकलेला नाही.