उसना डावा विंगर

ब्रॅकनशॉ ॲथलेटिक फुटबॉल क्लबच्या सराव मैदानावर ‘इथे उद्याचे खेळाडू घडतात’ अशी पाटी आहे. पाटीत चूक काहीच नाही. उद्याही ती तशीच राहील, कारण उद्याही ते उद्याचेच खेळाडू असतील.

हार्वी ऑलरनशॉ आठव्या वर्षी त्या पाटीखालून आत गेला आणि एकोणिसाव्या वर्षी अजून आतच होता. फक्त बुटांचं माप वाढलं होतं. डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारा. तो पळत सुटला की त्याच्यावर नेमलेला बचावपटू गवतात किल्ल्या पडल्यासारखा खाली बघत राहायचा. जूनमध्ये हार्वीचा करार संपणार होता. त्याआधी मुख्य संघाकडून एक सामना, अर्धा सामना, निदान मोज्यांना चिखल लागेल एवढं खेळायला मिळालं, तर करार वाढणार. नाहीतर निरोपाची पिशवी: एक मफलर आणि एक फोटो.

म्हणून तो बॉसकडे, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाकडे गेला. या हंगामातले हे तिसरे बॉस. तिघांचाही तरुणांवर गाढ विश्वास होता.

“बॉस, मला मुख्य संघात कधी घेणार?”

“मुख्य संघाचा अनुभव आला की लगेच.”

“पण तिथे खेळल्याशिवाय अनुभव येणार कसा?”

“बघ,” बॉस मायेनं म्हणाले, “अनुभवी माणूस असले प्रश्न विचारत नाही.”

घरी डॅडनी चिप्सवर ग्रेव्ही ओतता ओतता टेबलावर मूठ आपटली. डीन ऑलरनशॉ यांचा धंदा छपरं दुरुस्त करण्याचा आणि धर्म ब्रॅकनशॉ.

“बघितलंस शेरिल? परदेशात कुणी नुसता शिंकला तरी त्याला विमान पाठवून आणतात. आणि आपल्या गल्लीतल्या पोराला राखीव बाकडंसुद्धा नाही! इंग्लिश पोराला इंग्लंडात वाली नाही!”

“खा आधी, गार होतंय,” हार्वीची आई शेरिल म्हणाली. “आणि तुझ्या पाठीवर कुणाचं नाव आहे रे?”

डीनच्या शर्टावर एका ब्राझिलियन स्ट्रायकरचं नाव होतं.

पंचांची व्हिडिओ तपासणी चालू आहे. कृपया वाचन थांबवा. 
दृश्य तीन बाजूंनी पाहिलं. 
निर्णय: शर्ट सेलमध्ये घेतलेला आहे. डीन यांचा संताप वैध. वाचन पुढे चालू.

बॉसनी तोडगा काढला: हार्वीला लोनवर पाठवायचं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसे क्लब एकमेकांकडून पोरं उसनी आणतात. फरक इतकाच की साखर वापरली जाते.

तिसऱ्या विभागातल्या ऑक्सकम्ब रोव्हर्सचे प्रशिक्षक मॅकेल्व्ही यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं.

“ये रे बाबा, बस. हंगामभर बस. माझ्याकडे मोठ्या क्लबांची सहा उसनी पोरं आहेत. त्यांना नाही खेळवलं तर दंड बसतो.”

“मग तुमची स्वतःची पोरं?”

“ती मडफोर्ड टाउनला उसनी दिलीत. इथे राहून त्यांना कसली आलीय संधी?”

“मग मीही मडफोर्डला गेलो तर?”

“पोरगं हुशार आहे,” मॅकेल्व्ही म्हणाले आणि स्वतः त्याला बसथांब्यावर सोडून आले.

मडफोर्डचे प्रशिक्षक सकाळी टपाल वाटायचे. त्यांनी हार्वीला चालता चालताच समजावलं. मडफोर्डात ऑक्सकम्बची पोरं होती. मडफोर्डची पोरं अनुभवासाठी ‘फेरेट अँड फिडल’ या पबच्या रविवारच्या संघाला दिली होती. “खाली संधीच संधी,” ते एका दाराच्या फटीत पत्र सरकवत म्हणाले. आतून कुत्र्यानं पत्र ओढून घेतलं.

फेरेटची मालकीण ब्रेंडा हीच प्रशिक्षक, तीच जाळी शिवणार, तीच बिअर ओतणार.

“उशीर केलास रे राजा! मडफोर्डची नऊ पोरं आलीत आणि नऊही डावे विंगर. त्यात आमच्या मैदानाला उतार डावीकडेच. परवा सगळे घरंगळत जाऊन कालव्यात पडले.”

“आणि पबची नेहमीची माणसं?” हार्वीचा आवाज आता बारीक झाला होता. यापुढे खाली फक्त शाळेचं पटांगण उरलं होतं.

“त्यांना पाठवलं की अनुभव घ्यायला! आमचा स्टीव्ह सध्या ब्रॅकनशॉच्या मुख्य संघात आहे.”

व्हिडिओ तपासणी. 
ब्रेंडा यांच्या वाक्याला आक्षेप घेण्यात आला आहे. 
नियम असा: प्रत्येक संघाच्या यादीत काही खेळाडू लहानपणी याच देशात तयार झालेले हवेत. ब्रॅकनशॉची अशी सगळी पोरं उसनी गेलेली. शोधाशोध केल्यावर स्टीव्ह सापडले. वय बावन्न. शाळकरी वयात ब्रॅकनशॉतच घडले आणि मग मफलर-फोटो घेऊन निघाले. नियमात वयाची मर्यादा नाही. 
निर्णय: वाक्य वैध.

टीव्हीवर स्टीव्ह बाकावर बसून पाय खायचे, म्हणजे मांसाची ती गोल गरम कचोरी. समालोचक त्यांना ‘बाकावरचा अनुभव’ म्हणायचे. हार्वी फेरेटमध्ये ग्लास विसळत ते बघायचा. मे महिना लागला होता.

आणि एका मंगळवारी डार्ट्स खेळताना स्टीव्हचा खांदा निखळला. यादीत एक इंग्लिश माणूस कमी पडला. ब्रॅकनशॉनं देशभर फोन फिरवले. शेवटचा फोन ब्रेंडानं उचलला.

“राजा,” ती ओरडली, “फडका ठेव! तुला मुख्य संघात बोलावलंय!”

शनिवारी ब्रॅकनशॉ चार-शून्यनं पुढे. थोडाच खेळ उरलेला. बाकावर आपला एक पोरगा आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि अख्खं स्टेडियम गाऊ लागलं: आपल्या गल्लीचा, आपल्या मातीचा! डीन मफलर डोक्यावर नाचवत रडत होता. समोरच्या रांगेतल्या अनोळखी माणसाचं त्यानं तीनदा चुंबन घेतलं. बॉसनी गर्दीकडे पाहिलं, मग हार्वीकडे.

हार्वी मैदानात उतरला. पहिला चेंडू आला. त्यानं तो नीट मागे दिला. टाळ्यांनी छप्पर हललं. दुसरा चेंडू आला. तो पळाला. बचावपटू किल्ल्या शोधू लागला. लोक उभे राहिले. हार्वीनं पास दिला, आणि तो केसभर आधी दिला. प्रतिस्पर्ध्यानं मधेच अडवला, लांब उडवला आणि गोल.

चार-एक.

स्टेडियम कण्हलं. त्या कण्हण्याच्याही वर एक आवाज चढला:

“काढा त्याला! पोरासोरांना उतरवतात का असं? पैसा सैल सोडा, बाहेरून कुणीतरी आणा!”

“डीन,” शेरिलनं त्याची बाही ओढली, “अरे, आपला हार्वी आहे तो.”

“घरी आपला! इथे तो डावा विंगर आहे!”

हार्वीला ते ऐकू गेलं. चाळीस हजारांतून आपल्या बापाचा आवाज वेगळा काढता येतोच.

जूनमध्ये चौथे बॉस आले. त्यांचाही तरुणांवर विश्वास होता.

“करार वाढवला असता रे,” ते म्हणाले. “पण आम्हाला कोरी पाटी हवी. तुला आता मुख्य संघाचा अनुभव आहे आणि तो आम्ही सगळ्यांनी पाहिलाय.”

मफलर मिळाला. फोटो दुसऱ्याच कुणाचा होता.

हार्वी आता स्टेशनजवळ एर्दाल या तुर्की न्हाव्याच्या सलूनमध्ये काम करतो. रीतसर शिकला. हात हलका आहे, कात्री झकास चालते. काल दुपारी एर्दालच्या खुर्चीत डीन बसला होता, तोंडाला फेस लावून.

“या देशात तरुणांवर कुणी विश्वासच टाकत नाही,” डीन फेसातून म्हणाला. “संधी द्यायला छाती लागते, छाती!”

तुम्ही मागच्या बाकावर नंबराची वाट बघत होतात. तुम्ही मान डोलावलीत. “अगदी खरंय,” म्हणालात, “कुणीतरी सुरुवात करायला हवी.”

हार्वीनं कपडा झटकला आणि रिकामी खुर्ची तुमच्याकडे वळवली. “या ना, मी मोकळाच आहे.”

तुमचा हात आपोआप डोक्यावर गेला.

“नको, असू दे,” तुम्ही म्हणालात. “मला काही घाई नाही. एर्दालचं होईपर्यंत थांबतो.”